सुझानच्या लग्नाचं पाणी

वसई, ९ एप्रिल २०२४

ती. क्रिस्टीनाबाय हिस,
युजीनचा सा. न. वि. वि. जय ख्रिस्त.

तुमच्या मठात फोन चालत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. तुझ्या भाचीचं, सुझानचं लग्न पाच मेला आहे. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आळीच्या बायका नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतील. सुझान आतापासूनच नाचतेय.

माझी झोप मात्र उडालीय. वळणावरचा आपला दगडी क्रूस मागे सरकवताना त्याचा एक हात तुटला आणि सगळी आळी फादर गॅब्रिएलवर खवळली. त्यांची बदली करा, असा अर्ज बिशपांकडे जातोय. आळीप्रमुख म्हणून पहिली सही माझी हवी आहे. बाय, तुला एकटीलाच सांगतो, फादरांना मीच भरीस घातलं होतं. त्या वळणावर ॲम्ब्युलन्स अडते म्हणून. ते नको नको म्हणत होते. आता शिव्या खातात, पण माझं नाव काढत नाहीत. खरं बोललो तर सुझानच्या पाण्याला कोणी येणार नाही. काय करू?

माया असू दे,
तुझा घाबरट भाऊ युजीन

मठ, १७ एप्रिल

चि. युजीन यास अ. आ.

लहानपणी आंबे तू पाडायचास आणि मार मी खायची. आता फादर खातात, एवढाच फरक.

सही करायची नाही, हे तुलाही कळतं. पण नुसतं गप्प राहिलास तरी तो दगाच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, कोंबडं आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला विचार. सणाच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन पुढे चालतोस ना? मग शिव्यांच्या वेळीही पुढे हो. सुझानसाठी माझाही जीव तुटतो. तिला आधी सांग, पाणी तिचं आहे.

रागावले तरी तुझीच,
क्रिस्टीनाबाय

वसई, ६ मे

ती. बाय हिस सा. न.

सुझानला सांगितलं. ती खूप रडली, मग म्हणाली की पपा, सांगून टाका. लग्नाआधीच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर उभा राहिलो. सगळं सांगून टाकलं. कोणी ओरडलं नाही, नुसते उठून गेले. ते जास्त लागलं.

फादर माझ्यावरच उखडले. लग्नाआधी वाद मिटावा म्हणून त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली होती, ती मंजूरही झाली होती. तुझ्या कबुलीनं ते सगळं फुकट गेलं, म्हणाले.

शनिवारी बॅन्ड दारात वाजत राहिला आणि आळीची दारं बंद. सुझान उंबऱ्यात उभी. मग शेजारच्या वाडीतल्या सावित्रीवहिनी कळशी घेऊन आल्या. पोरगी आमच्या अंगणात वाढली, म्हणाल्या, बघू आम्हाला कोण अडवतो. त्यांच्यामागून फादर, झग्यावर टॉवेल आणि खांद्यावर कळशी! सुझान रडता रडता हसली. तिसरी कळशी सुझानच्या आईनं घेतली. तुटक्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना म्हटली आणि विहिरीवर गेलो.

फादर पुढच्या महिन्यात जातील. मला आळीत अजून कोणी जय ख्रिस्त करत नाही. तू तरी पत्र लिहीत राहा.

तुझा,
युजीन

ता. क. तीन कळश्या आंघोळीला पुरल्या, बाय.