हातच्या प्लेटा

९ नोव्हेंबर

कावळा शिवेना. सूरजचा दहावा, शिनोलीचा घाट, ऊन चढलेलं. माइकवर पुढाऱ्यांची श्रद्धांजली संपता संपेना — एकाने तर त्याचं नावच चुकवलं! चिंचेवर कावळे बसलेले, पण पिंडाकडे एकही येईना. त्याचे वडील हौशीरामकाका म्हणाले, "बहिणीचं लगीन थाटात करू रं." नाही. चुलता म्हणाला, "तुज्या आईबापाला अंतर देनार न्हाई." नाही. मग त्याच्या आईने, ठकूमावशीने, मला हाताला धरून पुढे ओढलं. "तू बोल गं झेबा. दिसभर तुज्यासंगं असायचा त्यो."

सगळे बघत होते. जुन्नरच्या मोमिनांची पोर पिंडाला काय सांगणार! ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "सूरज, तुझी फिल्म मी पूर्ण करीन."

कावळा आला. घास घेऊन गेलाही. मावशी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, सगळ्यांदेखत.

१० नोव्हेंबर

आळेफाट्याच्या एसटीत, जिथे त्याची गाडी टँकरखाली गेली ते वळण आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. लॅबमध्ये त्याच्या खुर्चीवर कुणीतरी खोकी ठेवलीत. खोकी!

मी काय काम करते, असं दहाव्याला एका बाईने विचारलं. काचा धुते म्हणाले. खोटं काय त्यात? काचेवर केसाहून कितीतरी पातळ थर चढवायचा, ती फिल्म; थर दिलेली काच म्हणजे प्लेट. कशात काय किती मिसळायचं हे एआय ठरवतो. सूरजने त्याचं नाव मास्तर ठेवलेलं. मास्तर रोज सकाळी प्लेटा सांगतो, रोबोचा हात थर चढवतो, आणि आम्ही पीएच.डी. झालेली माणसं काचा धुऊन देतो. फक्त सोमवारच्या चार प्लेटा आपल्या मनाच्या. हातच्या प्लेटा.

सूरजची फिल्म सोलर पॅनलवर धूळ बसू न देणारी. माझी कांद्याच्या चाळीत लावायची, कांदा सडायला लागला की रंग बदलणारी. त्याची गेल्या महिन्यात बंद झाली. "मास्तरनं नापास केलं राव!" म्हणत त्याने उलट आम्हालाच भेळ खाऊ घातली. मला मास्तरचा इतका राग आला होता! अजून आहे.

आजच्या चारही हातच्या प्लेटा त्याच्या फिल्मला दिल्या.

११ नोव्हेंबर

चारही तडकल्या.

१७ नोव्हेंबर

पुन्हा चार. दानियालभाई — आमचे लॅबप्रमुख — जवळ येऊन उभे राहिले. "झेबा, या प्लेटा तुझ्या फिल्मला दे. आधीच तिचे आकडे पडलेत. हातचं काही दिलं नाहीस तर मास्तर तिला खाली ढकलंल."

म्हटलं, मेलेल्याला शब्द दिलाय.

आणखी काहीतरी बोलणार होते. तोंडात मूग धरून गेले.

२० नोव्हेंबर

माझं त्याच्यावर प्रेम होतं. लिहिलं एकदाचं.

त्याला कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्या घरी काय झालं असतं, माझ्या घरी काय, हे दोघांनाही पाठ होतं. पण दोन वर्षं त्याच्या डब्यातली मासवडी माझी आणि माझ्या डब्यातली बिर्याणी त्याची. बिर्याणीतला बटाटा मात्र मी द्यायचे नाही, त्यावरून भांडणं! संसार म्हणजे आणखी काय असतं?

अम्मी म्हणाली, "खा ले बेटा, किती सुकलीस." कामाचं टेन्शन आहे म्हणाले. विधवेला निदान चारचौघांत रडता येतं. मी कोण त्याची?

२४ नोव्हेंबर

आजच्याही तडकल्या.

२६ नोव्हेंबर

ठकूमावशीचा फोन. "झाली का गं त्याची फिलीम?"

होत आली, म्हणाले.

"तू करतीयास म्हून जीव थाऱ्यावर हाय बघ. न्हाईतर लई वंगाळ वाटतं घरात."

फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून रडले. खोटं बोलले म्हणून नाही. ती 'त्याची' म्हणते तेव्हा असं वाटतं की तो नुसता सुट्टीवर आहे.

१ डिसेंबर

एक प्लेट दुपारपर्यंत टिकली! पाण्याचा थेंब कसा टपकन घरंगळला. वळून "ए, बघ!" म्हणाले — मागे कुणी नव्हतं. संध्याकाळी तीही तडकली.

५ डिसेंबर

मास्तरने माझी कांद्याची फिल्म बंद करा म्हणून सांगितलं. चार सोमवार तिला हातचं काही मिळालं नाही, होणारच होतं. बंद करायला संशोधकाची सही लागते, तेवढा मान अजून माणसाला आहे. दानियालभाई पुण्याला मीटिंगला गेलेत. त्यांची वाट बघितली नाही, केली सही. वाईट वाटलं. तीन वर्षांचं काम होतं माझं. पण एक ना धड भाराभर चिंध्या करण्यापेक्षा त्याची तरी पुरी करू. तिची जागा तासाभरात दुसऱ्या टीमला गेलीसुद्धा.

८ डिसेंबर

दानियालभाई आले. माझी सही बघितली त्यांनी. "अगं, सूरजची बंद झाली तेव्हाही मास्तरनं तुझीच बंद करायला सांगितली व्हती. दोनातली एकच ठेवायची व्हती. सूरज म्हणला, माझी काढा, झेबाची राहू द्या. तुला कळू द्यायचं नाय म्हणून शपथ घातली मला."

सूरज, मला विचारायचं तरी होतंस!

आणि मी शुक्रवारी सही केली.