चोवीस संत्र्यांची भुतं

१८ ऑक्टोबर १९८६, शनिवार

काल गच्चीवर कोजागिरी. दूध मी आटवलं. दीड तास ढवळलं, हात भरून आला. वाटलं नंदकुमारने. सगळे म्हणाले, नंदकुमार, दूध झकास झालंय हं. तो नाही म्हणाला नाही. नुसता हसला.

नंदकुमार म्हणजे समोरच्या दाराचा. तीन महिने न्यू जर्सीला बहिणीकडे राहून आला आणि तेव्हापासून मला सीपी म्हणतो. माझं नाव चंद्रप्रकाश आहे. अडतीस वर्षं सगळ्या मुलुंडला पुरलं.

दूध पिता पिता त्याने अनाउन्स केलं की बिल्डिंगमध्ये हॅलोवीन करू या. तिकडे ३१ ऑक्टोबरला असतं. भोपळ्याला डोळे, नाक, दात कोरतात आणि भुतांच्या नावाने गोडधोड खातात. नीलाने विचारलं, आपल्या सर्वपित्रीसारखं का? तो म्हणाला, एक्झॅक्टली वहिनी. एक्झॅक्टली काय एक्झॅक्टली! माझ्या बायकोला आजवर मी कधी एक्झॅक्टली म्हटलेलं नाही.

३१ला फराळाची धांदल, म्हणून बायका नको म्हणाल्या. शेवटी ठरलं, १ तारखेला नरकचतुर्दशीची अंघोळ झाली की सकाळी नऊला गच्चीवर फराळ आणि हॅलोवीन एकत्र. तेव्हा न्यू जर्सीत ३१ची रात्रच असते, हे नंदकुमारने घड्याळ दाखवून सिद्ध केलं. त्याच्या घड्याळात दोन टाइम दिसतात. माझ्या घड्याळात एकच दिसतो, पण बरोबर असतो. (चार मिनिटं मागे.)

प्रत्येक घराने फळाचा एक गोड पदार्थ करायचा. त्याला भुताचं तोंड हवं. पहिला नंबर भाऊ काढणार. भाऊ म्हणजे माझे वडील, बिल्डिंगमधले सगळ्यांत मोठे.

मला जळायचं काही कारण नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

भाऊंनी पस्तीस वर्षं गिरणीत काढली. तोंडाने कौतुक करायची सवय नाही. मी बी.कॉम. झालो तेव्हा म्हणाले, बरां. सीनियर क्लार्क झालो तेव्हा, बरां. क्षमा झाली तेव्हा दोनदा बरां म्हणाले, पण ते क्षमाला. आज नंदकुमारने येऊन आमच्या मोरीतल्या नळाचा वॉशर बदलला. पाच मिनिटांचं काम. भाऊ नीलाला म्हणाले, सोन्यासारखो झील आसा तो. झील म्हणजे मुलगा.

वॉशर मीच बदलणार होतो. जूनपासून.

मला भाऊंच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, सोन्यासारखो ऐकायचंय. बाकी काही नको. संकल्प: पहिला नंबर माझा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पेपर मागायच्या निमित्ताने नंदकुमारकडे गेलो. फ्रिज आतून बघितला. दार उघडलं की दिवा लागतो. फुकटची वीज. टीपॉयवर त्याची अमेरिकन मासिकं. एकात फोटो: संत्री वरून कापून पोखरलेली, सालीवर भुतांची तोंडं, आत फळं घातलेली जेली. बघूनच ठरवलं.

पान मी फाडलं नाही. ते सुटत आलं होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

प्लॅन तयार. चोवीस संत्री, घरटी दोन. नीलाला सांगितलं, तू कशाला हात लावायचा नाहीस. ती म्हणाली, मला चकल्या आहेत, करंज्या आहेत, मी कशाला लावू? बोलायची काय ही पद्धत.

कडक गुप्तता. नंदकुमारला कळलं तर तो उद्या हेच करेल आणि वर म्हणेल की तिकडे असंच असतं. क्षमाला विद्येची शपथ घातली. ती म्हणाली, बाबा, आपण नंदूकाकांबरोबर मिळूनच करू या ना, त्यांच्याकडे बर्फ पण आहे. चौथीतल्या मुलांना हल्ली घराण्याचा अभिमान राहिलेला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार, रात्री ८

ट्रायल. सीझन नुकता सुरू होतोय, त्यामुळे बाजारात संत्री आहेत पण हिरवट. भुतं हिरवीच असतात.

पहिल्या संत्र्याला दात इतके मोठे कोरले की जेली तोंडातून बाहेर आली. दुसऱ्याच्या डोळ्यांतून. भूत रडतंय असं क्षमा म्हणाली. निष्कर्ष: साल आरपार कापायची नाही, नुसती खरवडायची. हे मासिकात लिहिलेलं असणार, पण ते पुढच्या पानावर, आणि पुढचं पान नंदकुमारकडे.

जेली फ्रिजमध्ये चार तास ठेवा असं पाकिटावर आहे. नीला म्हणाली, समोर ठेवून या ना. मी म्हटलं, प्राण गेला तरी नाही. पाण्याच्या परातीत ठेवली. चार तासांनी सरबत. प्यायलो. तिघांनी दोन-दोन ग्लास.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊंनी वेगळंच काढलंय. कारीट. मालवणकडे नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ करून दारात डाव्या पायाच्या अंगठ्याने हे लिंबाएवढं हिरवं कडू फळ फोडतात. तो नरकासुर. फोडताना गोविंदा, गोविंदा ओरडायचं आणि रस जिभेला लावायचा. दरवर्षी गुणाजीकाका गावाहून पिशवी भरून आणतात. यंदा त्यांचा पाय मोडलाय, ते येत नाहीत. भाऊ तीनदा बाजारात जाऊन आले. डोळ्यांत मोतीबिंदू, रस्ता ओलांडताना मला धडकी. कुठेच कारीट नाही.

मला म्हणाले, चंद्या, दादरला बघ. कारीट नाय तर दिवाळी कसली? मी म्हटलं, भाऊ, यंदा लिंबू फोडा. पिशवी घेऊन चौथ्यांदा बाजारात निघाले.

इकडे मी त्यांच्याच कौतुकासाठी मरमर मरतोय आणि ह्यांना कडू फळाची पडलीये.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नीला म्हणाली, चायना ग्रास घाला, फ्रिजशिवाय सेट होतं. माझ्या मनात तेच होतं. ती फक्त आधी बोलली.

जिन्यात नंदकुमार भेटला. म्हणाला, सीपी, काय स्पेशल करतोयस? मी म्हटलं, काही नाही रे, केळ्याचं शिकरण. तो म्हणाला, नाइस यार, सिंपल. त्या सिंपलमध्ये जे होतं ते मला कळलं. त्याची बायको अनुपमा भोपळ्याचे घारगे करणार आहे, डोळे पाडलेले. घारगे! हॅलोवीन स्वतः आणायचं आणि करायचं काय, तर घारगे. आयडियाची वानवा.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दादरला जायचं राहिलं. भाऊंनी विचारलं तेव्हा, व्यवस्था होतेय, दारात मिळेल, असं सांगून टाकलं. पूर्ण खोटं नाही. मनात होतं.

आजपासून नंदकुमारबद्दल विचार करणं बंद. त्याने नवा कंदील लावलाय, त्यात रंग बदलणारा दिवा आहे. डोळ्यांना त्रास होतो. बंद म्हणजे बंद.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार, रात्री ९

चोवीसच्या चोवीस झाली! अर्धी रजा टाकली. पोखरताना अंगठ्याची साल गेली, संत्र्याच्या रसाने झोंबतंय, पण एकेकाचं तोंड बघावं. एकाचं थोडं नंदकुमारसारखं झालंय, मुद्दाम नाही. आत चायना ग्रास, साखर, संत्र्याचा रस, केळं, डाळिंबाचे दाणे. वरून कापलेली टोपी परत बसवली.

स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चाललेला, भट्टी नुसती. तिथे काही सेट होणार नाही. शिवाय मुंग्या. बाहेर पॅसेजमध्ये झकास वारा येतो. दाराशी नीलाच्या रांगोळीच्या कडेने दोन ओळींत मांडली, बारा-बारा. भोवती हळदीची रेघ, मुंग्यांसाठी. मध्ये पणती होतीच. काय दिसतंय म्हणून सांगू. नंदकुमारच्या कंदिलाचा दिवा लाल झाला की भुतं आणखी खुलतात. कंदिलाचा तेवढा उपयोग.

अलार्म चारचा. भाऊ उठायच्या आत सगळी आत घ्यायची. उद्या नऊला ताट भाऊंसमोर ठेवीन आणि काही बोलणार नाही. ते बोलतील.

१ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी १२

लिहायचं नव्हतं. लिहितो.

अलार्म चारला झाला असं नीला म्हणते. मीच बंद केला असंही म्हणते. पुरावा नाही.

जाग आली ती गोविंदाने. एक गोविंदा, मग पाच-सहा, मग अख्ख्या जिन्यातून. नीला क्षमाला उटणं लावत मोरीत. मी बनियनवर पॅसेजमध्ये. भाऊ पंचा गुंडाळून, डोकं ओलं, डावा पाय वर. माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या ओळीतला तिसरा गेला. फचाक.

खालच्या-वरच्या सगळ्या मजल्यांवरची माणसं. यंदा मुलुंडमध्ये कोणालाच कारीट मिळालं नव्हतं, आणि भाऊंनी घरोघरी कड्या वाजवल्या होत्या, की या, आमच्या दारात चांगले दोन डझन नरकासुर आलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाईंना दोघांनी धरून खाली आणलं. त्यांनी दोन फोडले. रस जिभेला लावून म्हणाल्या, अगं बाई, गोड लागतंय. भाऊ म्हणाले, मुंबयत कारीट पण गोड झाला, आता काय रवलां नाय.

मी ओरडणार होतो. शप्पथ. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भाऊ वळले. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचं असं तोंड मी बघितलेलं नाही. हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी. आणि मला कळलं, हे खायचं होतं असं सांगितलं तर वाट लागली. सणाच्या दिवशी अन्नाला पाय लागला म्हणून हा माणूस आज पाणीसुद्धा प्यायचा नाही. क्षमा मोरीतून ओल्या अंगाने धावत आली आणि म्हणाली, बाबा, आपली… मी डोळे वटारले. विद्येची शपथ. परत मोरीत पळाली.

मग भाऊ म्हणाले, गावाक पण असो तोंडाचो नरकासुर कोणी करूक नाय. सोन्यासारखो झील.

आणि नंदकुमारच्या पाठीवर हात ठेवला.

तोंडं कोरायची अमेरिकन पद्धत कोजागिरीला त्यानेच सांगितली होती ना. म्हणून त्याचीच कारागिरी. मी म्हटलं, भाऊ, मी केली ही. एकदाच म्हटलं, पण स्पष्ट म्हटलं. भाऊ म्हणाले, गप रव रे, तू लिंबू फोडूक सांगी होतंस. सगळे हसले. कसं पटवणार? पटवायला गेलो तर कशासाठी केली तेही सांगावं लागणार.

नंदकुमारने संत्र्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मासिक त्याचंच, त्याला कळलं नसेल असं नाही. क्षणभर वाटलं, बोलेल. तो म्हणाला, अहो भाऊ, त्यात काय एवढं. आणि हसला. कोजागिरीच्या दुधासारखाच.

नऊला गच्चीवर पहिला नंबर अनुपमाच्या घारग्यांना. आमच्या घरातर्फे नीलाने केळ्याचं शिकरण ठेवलं. केळ्यांना लवंगांचे डोळे. नंदकुमार म्हणाला, नाइस यार, सिंपल.

संकल्प: फ्रिज घ्यायचा. नंदकुमारशी बोलायचं नाही. पुढच्या वर्षी कारीट स्वतः मालवणहून आणायचं, कडूजहर, आणि पहिलं त्याला द्यायचं.

एक लिहायचं राहिलं. पहाटे सगळे पांगल्यावर भाऊंनी मला हाक मारली. दाराच्या मागून शेवटचं संत्रं काढलं. म्हणाले, एक ठेवलंय हां तुका. खाली ठेवलं, माझ्या पायाशी नीट सरळ केलं, आणि उभे राहिले.

मी डावा पाय उचलला. गोविंदा म्हटलं.

भाऊ म्हणाले, बरां.

जेली सेट झाली होती. अंगठ्याला कळलं.