एसीने मरणारी नायिका

४ जानेवारी, रविवार
ठरलं. यंदा मंडळाच्या मराठी भाषा दिनाला ऑपेरा. दिग्दर्शक: मी, धैर्यशील.
अध्यक्ष गोविंदरावांनी वीस मिनिटं दिलीत. त्यांची समजूत आहे की साधना दोन नाट्यगीतं म्हणणार. असू दे.
साधना खूश. थंडीने खंगून मरणाऱ्या मुलीचा एक इटालियन ऑपेरा आहे, त्यातलं शेवटचं गाणं तिने मराठीत बांधलंय. सात महिने खपत होती म्हणे. मला कल्पना नव्हती. सांगलीत गाणं शिकली, मग लग्न, मग सिंगापूर, त्यामुळे लोकांसमोर गायची ही पहिलीच वेळ. घाबरली आहे. म्हटलं, बायको, मी आहे ना.
संकल्प: रोज एक ऑपेरा बघायचा.

६ जानेवारी, मंगळवार
अकरा मिनिटं बघितला. झोप लागली. ऑफिसचा थकवा.
वाचन मात्र भरपूर. युरोपात जुना ऑपेरा जुन्या कपड्यांत करणं आता मागासलेपणाचं. एकाने पॅरिसमधली माडी उचलून थेट अवकाशयानात नेली. एकाने इटलीचा राजवाडा लास व्हेगासला हलवला. एकाने कट करणाऱ्या सरदारांना रांगेने कमोडवर बसवलं. एकाने स्टेजवर सोफा आणि भलंमोठं घड्याळ ठेवलं, लोक वेडे झाले.
मी हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत कम्प्लायन्स बघतो. घड्याळ आणि सोफा आमच्याकडेही आहे.

११ जानेवारी, रविवार
सुचलं! सिंगापुरात थंडी कुठे? ऑफिसात! नायिका हार्बरफ्रंटच्या सतराव्या मजल्यावर, बरोबर एसीच्या झोताखाली बसते. तापमान अठरा. कंट्रोल बिल्डिंगवाल्यांकडे. शाल घेते, खोकते, ईमेल करते, मरते.
साधनाला सांगितलं. ती म्हणाली, चालेल, पण गाणं तेच ना? म्हटलं, अर्थात.
मुलगी श्रिया म्हणाली, Pa, just let Aai sing, lah. वय सतरा. कलेतलं काय कळणार.

२४ जानेवारी, शनिवार
नायक मिळाला. कुशल. वन-नॉर्थला डासांवर पोस्टडॉक करतो. सहा फूट एक इंच. गाता येत नाही, पण उंची आहे. तो गाण्याऐवजी लॅपटॉपवर टाइप करेल, शब्द पडद्यावर दिसतील. युरोपात अजून कुणी केलेलं नाही (तपासायचं).
एक अडचण. ऑफिसात इतकं खोकणारी बाई मास्क लावणारच. साधनाने मास्क लावून गाऊन बघितलं. आवाज उशीतून आल्यासारखा. म्हटलं, वास्तववाद. तिने मास्क काढून घडी करून ठेवला. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, रविवार
मास्क रद्द. मी हेकट दिग्दर्शक नाही.
शिवाय इतकी आजारी बाई ऑफिसात येईलच कशी? एमसी घेईल, डॉक्टरच्या चिठ्ठीची रजा. घरून व्हिडिओ कॉलवर मरेल. म्हणजे साधना स्टेजवर नसेलच. हॉलच्या बाहेर चहा-नाश्त्याची जागा आहे, तिथे कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसेल आणि आत मोठ्या पडद्यावर दिसेल.
साधनाने विचारलं, मी बटाटेवड्यांच्या टेबलाशेजारी बसून मरायचं? शब्दांत पकडते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
आज आंघोळीत कळस सुचला. आधुनिक माणसाची खरी शोकांतिका काय? ती शेवटचं गाणं गाते, जीव ओतून गाते, आणि तिचा माइक म्यूटवर आहे!
अंगावर काटा आला. साधनाला सांगितलं. तिने कुकर बंद केला आणि विचारलं, म्हणजे माझं गाणं कुणालाच ऐकू येणार नाही? म्हटलं, तेच तर! ती आत निघून गेली. भारावली असावी.

२८ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी ३.१५. हॉलवर सगळ्यांच्या आधी पोहोचलो. लोक रडणार हे गृहीत धरून एकशे चाळीस खुर्च्यांवर टिश्यूचं एकेक पाकीट ठेवलं. बारकावे!
४.००. हॉल रिकामा. लोक आले आहेत, बाहेर आवाज येतोय. माणसं डोकावतात, खुर्च्या बघतात, मागे फिरतात. दडपण आलं असेल.
४.१०. सुरू केलं. थांबलो असतो तर वीस मिनिटं गेली असती. कुशल रिकाम्या हॉलसमोर टाइप करतोय. छान करतोय.
४.१४. श्रिया धावत आली. म्हणाली, Pa, you chope the whole hall, leh! इथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की खुर्चीवर टिश्यूचं पाकीट म्हणजे जागा धरलेली, चोप केलेली. मी स्वतः रोज लंचला हेच करतो. पुण्यातल्या सभेत लोकांनी पाकिटं पर्समध्ये टाकून बसकण मारली असती. इथे राहून माणसं फार बिघडली आहेत. सगळं मंडळ वड्यांच्या टेबलापाशी उभं आहे.
४.१६. पडद्यावर साधना दिसली. भोवती ही गर्दी. ती उठून उभी राहिली, पदर खोचला, गायला लागली. गोविंदराव डोळे पुसताहेत. एक म्हातारी वडा हातात धरून तशीच थबकली आहे. हॉलचं जाड दार बंद, आणि म्यूट माझ्या बाजूने काढता येत नाही. बाहेर धावलो असतो, पण लाइट्स माझ्याकडे होते. रिकाम्या हॉलसमोर लाइट्स वेळेवर दिले. एकही चुकला नाही.

१ मार्च, रविवार
मंडळाच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. सगळे साधनाला. पुढच्या वर्षी तिला पूर्ण एक तास. गोविंदरावांनी फोन करून मला विचारलं, पार्किंग बघाल का? विचार करून सांगतो म्हटलं. मग हो म्हटलं.
युरोपातही पहिल्या प्रयोगाला लोक हुर्यो करतात. पण हुर्यो करायला लोक खुर्चीवर बसलेले तरी असतात.

२ मार्च, सोमवार
आज घरून काम. श्रियाला विचारलं, रेकॉर्डिंग केलंस का? म्हणाली, मी रडत होते, पा, कसं करणार. मराठीत म्हणाली.
परवा एकशे तीसेक माणसांनी ते गाणं ऐकलं. मी नाही. सात महिने ती ते स्वयंपाकघरात बसवत होती, रोज सकाळी, आणि मी रोज सकाळी मधलं दार लावून घेत होतो, कॉल असायचा म्हणून. लाज वाटली. खरंच वाटली.
नऊला कॉल होता. दार सताड उघडं ठेवून बसलो.
ती आज गायली नाही.