माफी आणि इवाईंचा गुडघा

ताडकळस
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय इवाईबुवा धम्मानंदराव यांना सटवाजीचा सप्रेम जय भीम.

आमच्याकडं सगळं खुशाल आहे. सोयाबीन निघालं, तूर उभी आहे, चतुराबाईचा खोकला गेला आणि आवाज परत आला. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागं तुमच्याकडं आलो होतो तेव्हा जिना चढताना तुम्ही 'आई गं' म्हणालात, ते अजून कानात आहे. गुडघ्याला जपा. (गुडघ्याचा विषय मी पुढं पुन्हा काढणार आहे, तेव्हा ही चौकशी उगं शिष्टाचाराची समजू नका.) ईनबाईंनाही जय भीम सांगा. आता तुम्ही म्हणाल, फोन सोडून ह्या माणसाला पत्र लिहायचं कुठून सुचलं? तर त्याचं कारण तुमचे कान. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी इकडं हळू आवाजात काही खाजगी सांगावं आणि तिकडून तुमच्या शेजाऱ्यानं 'हो हो' म्हणावं, असं दोनदा झालं आहे. म्हणून हे पत्र मानवतला माहेरी निघालेल्या शेजारच्या सुनेच्या हाती पाठवतो आहे. एकटे असताना वाचा.

विषय कुत्रीचा आहे. तुमची लेक आणि आमची सून सुकेशनी हिला कंपनीनं सहा महिने बेंगळुरूला पाठवलं, सिद्धोधन पुण्यात दिवसभर ऑफिसात, म्हणून बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास दोघं मोटारीनं आले आणि ही कुत्री आमच्याकडं ठेवून गेले, हे तुम्हाला माहीत आहेच. आता सुकेशनी परत आली. शनिवारी ती मानवतला तुमच्याकडं उतरणार आणि रविवारी इथं येऊन कुत्रीला घेऊन जाणार. कुत्रीचं नाव मफिन. हा म्हणे केकचा प्रकार आहे. चतुराबाईच्या जिभेला ते काही केल्या जमेना, तिनं पहिल्याच दिवशी त्याचं 'माफी' करून टाकलं. कुत्रीलाही तेच आवडलं. मफिन म्हटलं तर ती ढुंकून बघत नाही, माफी म्हटलं की धावत येते. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढं त्यानं माझा तमाशा केला आहे.

आमच्या घरात कोणी कोणाची जात विचारलेली मला खपत नाही, हे तुम्ही जाणता. पण कुत्री दारात आल्यापासून येणारा-जाणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. तिची जात शी-त्झू. मी हे सांगितलं की समोरचा दोन पावलं मागं सरकतो आणि चप्पल उचलून खाली बघतो. लहान लेकराला आपण जे विचारतो, तेच लोकांना ऐकू येतं. चतुराबाईचं म्हणणं असं, की जिच्या जातीचं नावच शी-सू, तिनं घर घाण केलं तर तिला कशाला बोल लावायचा? आणि खरोखर, सुरुवातीला माफी आपल्या जातीच्या नावाला पुरेपूर जागली. माझी पूजेची नव्हे, पण वाचायची सतरंजी होती, ती आता गोठ्यात आहे.

कुत्रं म्हणजे राखणीला, अशी माझी आजवरची समजूत. ही बया भुंकतच नाही. परवा दुपारी भंगारवाला फाटक उघडून आत आला, तर ही त्याच्याभोवती असं गोल गोल नाचली की तो बिचारा ओट्यावर बसला, आणि बसल्याबरोबर ही त्याच्या मांडीवर. मांडी दिसली की चढायचं, मांडी कोणाची ह्याची चौकशी करायची नाही, एवढाच तिचा स्वभाव. हट्टी मात्र लय. फिरायला नेलं आणि तिला चालायचं नसलं, तर रस्त्यात पोट टेकून बसते, मग जगातली कोणतीही ताकद तिला उठवू शकत नाही, उचलूनच आणावं लागतं. (मला खांद्यावर कुत्री घेऊन येताना बघून गावानं काय काय नावं ठेवली, ती इथं लिहीत नाही.) ऊन तर तिला बिलकुल सोसत नाही. लग्न झाल्यापासून कूलरसमोरची जागा मी बायकोलासुद्धा दिली नव्हती, ती मेमध्ये हिनं घेतली. मी भिंतीकडं सरकलो. नाक चपटं असल्यानं घोरते, आणि तिचं घोरणं कोणतं नि माझं कोणतं हे चतुराबाईला अंधारात कळत नाही, म्हणून ती दोघांनाही ढोसते.

आता केसांकडं येतो. तुमच्या लेकीचं नावच सुकेशनी, तेव्हा केसांचा तिला किती अभिमान असणार ते मी तुम्हाला काय सांगावं? कुत्रीचे केस थेट जमिनीपर्यंत. ते रोज विंचरायचे, डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून डोक्यावर बुचडा बांधून रबर लावायचं, डोळे ओल्या कापसानं पुसायचे, असं सुकेशनीनं तीनतीनदा बजावलं होतं. मी ते सगळं केलं. ज्याच्या स्वतःच्या टाळूवर विंचरण्यासारखं काही उरलेलं नाही, तो माणूस रोज सकाळी ओट्यावर बसून बुचडे बांधायचा. आणि मागच्या आठवड्यात माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिला रान दाखवायला शेतात नेली. ती बांधा-धुऱ्यावरच्या गवतात जी शिरली, ती निघताना अर्धा धुरा अंगावर घेऊनच निघाली. गोखरू, आघाडा, कुसळं! कंगव्याचे दात गेले, माझी बोटं सोलली, शेवटी गाठी कातडीला ओढायला लागल्या नि ती कण्हायला लागली. ते मला बघवेना. तिला उचलली आणि तडक दत्ताच्या सलूनमध्ये नेली.

नेमका बाजारचा दिवस. दत्तानं लहान पोरांसाठी खुर्चीवर टाकतात ती फळी टाकली, तिच्या गळ्याला पांढरं फडकं बांधलं आणि सवयीनं विचारलं, कटिंग का दाढी? माफी आरशात स्वतःला बघून अगदी खामोश बसली. (आमचा सिद्धोधन एवढा शहाण्यासारखा कधी बसला नव्हता.) दत्तानं मशीन लावली, उजवी बाजू पार चामडीपर्यंत काढली, आता डावीकडं वळणार तेवढ्यात लाईट गेली. मशीन बंद पडल्याबरोबर माफीला वाटलं कार्यक्रम संपला. तिनं फळीवरून उडी मारली आणि गळ्यातल्या फडक्यासकट बाजारात पळाली. डावीकडून बघावं तर राणीसरकार, उजवीकडून बघावं तर सोललेली कोंबडी.

मी मागं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. उभी हयात बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारण्यात गेली, तो आवाज निवृत्त झालेला नाही. आणि हेही तुम्हाला माहीत आहे, की लोक खिडकीवर येऊन शर्ट फाटेपर्यंत भांडले, पण सटवाजीनं कधी कोणाची माफी मागितली नाही. तो मी, भर बाजारात, दोन्ही हात पसरून, 'माफी! अगं माफी! थांब, माफी!' असा ओरडत पळतो आहे. भाजीवाल्या उभ्या राहिल्या. आणि कुत्री गेली कुठं? तर मांडी शोधत शोधत थेट महारुद्राच्या मांडीवर! महारुद्र आठवतो ना? आमचा शेतशेजारी. आपल्या पोरांच्या लग्नात माइक माझ्या हातात होता आणि जुन्या सवयीनं मी पुकारलं होतं, 'तिसऱ्या पंगतीतले महारुद्र, जेवण झालं असल्यास त्वरित जागा खाली करावी.' (त्यात माझी काही चूक नव्हती. तो तिसऱ्यांदा बुंदी घेत होता.) तेव्हापासून त्यानं बोलणं टाकलं होतं, आणि मीही. तो लसणाच्या ढिगामागं पोतं टाकून बसलेला. मी समोर जाऊन धापा टाकत, हात पसरून म्हणतो आहे, माफी! आणि त्याच्या डोळ्यांत पाणी! उठला, कुत्रीसकट मला मिठी मारली आणि म्हणाला, 'जाऊ द्या हो सटवाजीराव, कामून एवढी माफी मागायलात? आमी कवाच इसरलो.' भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता सांगा, अशा वेळी माणसानं कुत्रीचं नाव काय आहे ते सांगावं का? नाही सांगितलं. भजे खाल्ले, तेही त्याच्या पैशानं, आणि लसूणही फुकट मिळाला.

लाईट आल्यावर दत्तानं डावी बाजूही उजवीसारखी केली. आता माफी शी-त्झू राहिलेली नाही, धुतलेली घूस दिसते. पण अंगाला वारा लागल्यामुळं मजेत आहे. कोणी तुम्हाला सांगेल, सटवाजीचा कुत्रीत जीव गुंतला, तर विश्वास ठेवू नका. रविवारी गेली तर एकदाची सुटका. मला कूलर परत मिळेल.

कळावे, लोभ आहेच, तो असाच वाढू द्यावा.

आपला
सटवाजी

ता. क. इवाईबुवा, मघाच्या गुडघ्याबद्दल. तो शनिवारी संध्याकाळी दुखायला लागला तर बरं होईल. फार नको, लेकीला तुम्हाला सोडून निघवणार नाही एवढाच. दत्ता म्हणतो केस नीट वाढायला दोन-तीन महिने लागतील. तेवढे दिवस 'आई गं' म्हणायला तुम्हाला काय जड आहे? मुलीकडचे म्हणून तुमच्याकडं मी आजवर काही मागितलेलं नाही.

ता. क. दुसरा. केस वाढले, तरी गुडघा लगेच बरा करू नका. सकाळी ओट्यावर कंगवा घेऊन बसलो आणि समोर कोणी आलंच नाही, तर मी काय करू? हे ईनबाईंना वाचून दाखवू नका.

ता. क. तिसरा, चतुराबाईचा. इवाई, जय भीम. पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. तुमच्या गुडघ्याला काई तरास देऊ नका. दत्तानं त्या अर्ध्या कटिंगचा फोटो मोबाईलात स्टेटसला लावला होता, तो सिद्धोधननं बघितला आन् सुकेशनीला धाडला. काल तिचा फोन आला होता, हे शेतात गेल्यावर. लय हसली पोरगी. म्हणली, आत्या, पुण्याला आमी दोघंबी दिवसभर बाहेर, ती एकटी बंद दाराकडं बघत बसती, तिथं तिला मांडी तरी हाय. मामाला सांगा, माफी दिली. कोणती माफी, ते म्या ह्यांना रविवारपस्तोर सांगणार न्हाई.