पावडरचं माप

८ जानेवारी, सोमवार

आलं! परवानगीचं पत्र आलं! अकरा महिने फेऱ्या मारल्या त्याचं हे एक पान. काडतुसं भरायचा प्रेस गेल्या दिवाळीपासून माळ्यावर खोक्यात पडून होता. आता बाहेर काढीन. माझ्या रायफलची काडतुसं मीच भरणार.

हितेंद्रला ऑफिसात फोन केला. "म्हणजे आता घरात बारूद?" आणि मग, "अभिनंदन."

सासूबाईंना अजून सांगायचंय. नवऱ्याचं सोपं असतं.

१० जानेवारी, बुधवार

सांगितलं. आईंनी निवडायची मेथी तशीच बाजूला ठेवली. "येड लागला काय तुका? लालबागात सोळाव्या माळ्यार बारूद?" पत्र दाखवलं, शिक्का दाखवला. "शिक्को असलो म्हणान काय झाला? पेटताना शिक्को बघता काय ता?"

अटी वाचून दाखवल्या — पावडर थोडीच, कुलपात, गॅसपासून लांब. ऐकून घेतल्या. मग मेथी पुन्हा ओढून घेतली. होकार नाही, नकारही नाही.

१३ जानेवारी, शनिवार

दादरला ब्रेंडनकडे जाऊन आले. रायफल क्लबमध्ये तो एकटाच मला खरं सांगतो. गेल्या वर्षी राज्य निवड चाचणीत संघात चौघी घेतल्या, मी पाचवी. स्पृहा चौथी — बावीस वर्षांची पोर! दोन गुणांनी. त्या रात्री मी जेवले नव्हते. नंतर ब्रेंडननं गोळीचा वेग मोजायचं यंत्र लावून दाखवलं: विकतच्या एकाच खोक्यातली काडतुसं, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. तीनशे मीटरवर तो फरक वर-खाली भोकं पाडून दिसतो. म्हणजे प्रत्येक काडतुसात पावडर अगदी सारखी पडली पाहिजे. बाकी सगळं जमलंय, अडलंय ते मापाशी.

ब्रेंडननं कपाटातून दोन यंत्रं काढली. एक इलेक्ट्रॉनिक, नवंकोरं. "डोळे झाकून हे घे ग. बटण दाब, चहा पी, आपोआप मोजून देतं." दुसरं लोखंडी, वर नळकांडं, खाली फिरता ड्रम, बाजूला दांडा. दांडा वर केला की ड्रममधला खळगा भरतो, खाली घेतला की रिकामा होतो. "हे डॅडींचं. ते गेल्यापासून कोणी हात लावला नाही. दोन्ही ने. जमेल ते ठेव."

पुढची चाचणी १८ फेब्रुवारीला. मी त्रेचाळीस. चष्म्याचा नंबर माझ्यासाठी थांबत नाही.

१४ जानेवारी, रविवार

सरावाला पावडर कशाला? खसखस घेतली! दाणा साधारण तेवढाच. आई दारातून — "खसखस काय फुकट गावता?"

इलेक्ट्रॉनिक. पहिले दहा झकास. मग आकडे पळायला लागले. पंखा बंद केला — थांबले. कुणीतरी दार उघडलं — पुन्हा पळाले. दार, खिडकी, पंखा, मोबाईल, सगळं बंद करून घामाघूम बसले. तरी अर्ध्या तासानं आकडा सरकलाच. आकडा बरोबर दाखवतंय की खोटं बोलतंय तेच कळेना. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या भरवशावर मी रेंजवर आडवी पडून नेम धरू?

१८ जानेवारी, गुरुवार

ड्रमवालं. लाज वाटावी असा दिवस. प्रत्येक माप माझ्या काट्याच्या छोट्या तराजूवर घालून पाहिलं — वीसपैकी नऊ चुकीची. शूटर लोक ग्रेनमध्ये मोजतात, मी मनात मिलिग्रॅम करते. एक दशांश ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. एकोणीस वर्षं परळच्या हॉस्पिटलात औषधं मोजतेय, आणि एक दांडा सरळ ओढता येत नाही!

ब्रेंडनला मेसेज: "जुनं परत आणते." उत्तर आलं, "घाई करू नको."

२१ जानेवारी, रविवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

दांडा ओढत होते. वर, खाली, वर, खाली. आई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. "घाय कित्याक करतंस?"

"आई, सरावच करतेय."

"सराव न्हय तो. तू चुकीचाच घोटून घेतंस. सर."

उठले. त्या बसल्या. पदर खोचला. दांडा वर नेला — आणि थांबल्या. मनात काहीतरी मोजल्यासारख्या. मग खाली. तिथेही थांबल्या. तराजूवर घातलं. बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं. पंधरा मापं घेतली त्यांनी, चौदा अगदी सारखी! पंधरावं चुकलं कारण मी ओरडले.

"हात वर गेलो की थांब. दाणो बसूक दी. मगे खाली. आणि नळकांड्यात अर्ध्याच्या खाली जावक देव नको, वजन कमी झाला की दाणो सैल बसता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"गिरगावात तपकिरीच्या दुकानात बावीस वर्षां पुड्यो भरलंय मी. लग्नाआधीपासून." अठरा वर्षं एका घरात राहतोय आम्ही. मला त्या 'दुकानात कामाला होत्या' एवढंच ठाऊक होतं. कसलं दुकान, कसलं काम — मी कधी विचारलंच नाही!

संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून शंभर मापं काढली. शेवटच्या तिसात एकही चूक नाही.

ठरलं. ड्रमवालंच.

२८ जानेवारी, रविवार

आज खरी पावडर. आतल्या खोलीत, मी एकटी, दार लावून. गॅसचा कॉक बंद. दार लावण्याआधी आईंना देवापुढच्या दिव्याचं कसं सांगावं याचाच विचार करत होते. जाऊन बघते तर दिवा लावलेलाच नाही. "तुझा झाला की लावीन," म्हणाल्या. "देव काय पळान जाता?"

पन्नास काडतुसं. प्रत्येक माप तराजूवर तपासून. दोनच परत ओतली.

४ फेब्रुवारी, रविवार

रेंजवर. दहा गोळ्या — वाटीच्या तळाएवढ्या जागेत!! ब्रेंडननं दुर्बिणीतून पाहिलं, डोळा काढला, पुन्हा पाहिलं. "डॅडींचं आहे, सांभाळून ठेव," म्हणाला आणि पाणी आणायला म्हणून निघून गेला. बराच वेळ आला नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. साठ भरली, वर आणखी दहा जास्तीची. लवकर झोपते.

१८ फेब्रुवारी, रविवार

पाचशे अठ्ठ्याऐंशी! सहाशेपैकी! पहिली! चौथी नाही, तिसरी नाही — पहिली!

चाळिसाव्या गोळीला वारा फिरला. दहापैकी आठच पडले. पूर्वी अशा वेळी डोक्यात यायचं, काडतूस खराब असेल. आज तो रस्ताच बंद होता. काडतूस चांगलं होतं. चूक माझी होती, म्हणजे सुधारायचीही मलाच. श्वास सोडला, वारा बघितला, पुढच्या वीसमध्ये अठरा वेळा दहा!

स्पृहा पाचशे पंच्याऐंशी. येऊन गळ्यात पडली. "ताई, काडतुसं कुठून मागवलीत?" म्हटलं, "लालबागहून." तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

घरी आले तर आईंनी आकडा विचारला नाही. "चुकला खय?" एवढंच विचारलं. वाऱ्याचं सांगितलं. मान हलवली. मग हितेंद्रला म्हणाल्या, "बघतंस काय? पेढे हाड." आणि सोळाव्या माळ्यावरच्या चारही दारांत स्वतः गेल्या. मी आतून ऐकत होते — "माझी सून बंदुकीत पयली इली!" प्रत्येक दारात आवाज थोडा वाढत गेला.

१ मार्च, शुक्रवार

संघाचं सराव शिबिर सहा आठवड्यांचं. हॉस्पिटलात रजेचा अर्ज घेऊन गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, या वयात कसलं शिबिर? रजा मिळणार नाही." मी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि राजीनामा लिहिला. दोन ओळी. सही करून त्यांच्यासमोर ठेवला. घरी अजून सांगितलं नाही. परळच्या बस स्टॉपवर उभी राहून एकटीच मोठ्यानं हसले.