दोन मीटर गाळ, दोन हजार वर्षं

४ जानेवारी, सकाळी ७
नवीन डायरी. संकल्प एकच. फेब्रुवारीच्या परिषदेत वऱ्हाडाचं दोन हजार वर्षांचं हवामान मांडायचं. पुरावा: तलावाच्या गाळातले परागकण. झाड मरतं, कुजतं, पण त्याचा परागकण गाळात जसाच्या तसा राहतो. कण ओळखला की झाड कळतं, झाड कळलं की पाऊस कळतो. साधी गोष्ट आहे. अमरावतीत कोणाच्या डोक्यात आली नाही, एवढंच.

परिषद अकोल्याला. पौर्णिमाही अकोल्यालाच आहे, माहेरी. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून गेली, त्याला आठ महिने झाले. सासूबाई आता रोज पायी देवळात जातात असं कळलं. म्हणजे पौर्णिमा आता कधीही येऊ शकते. माझं भाषण ऐकलं की येईलच.

कुकरची शिटी सापडत नाही. पोहे खाल्ले.

११ जानेवारी
मोर्शीजवळचा तलाव. सोबत देवमन, आमच्या कॉलेजचा लॅब अटेंडंट. मार्चमध्ये रिटायर होतो आहे, म्हणून जरा जास्त बोलतो. म्हणाला, सर, तलावाच्या मधात चला, जुना गाळ मधातच सापडन. मधात गुडघाभर चिखल. माझे बूट नवे. त्याला समजावलं की विज्ञानात गाळ म्हणजे गाळ. काठावर, रस्त्याला लागूनच, एक छान उंच कोरडा ढीग होता. त्यात दोन मीटरचा पीव्हीसी पाइप ठोकला. म्हणजे देवमनने ठोकला.

शेजारच्या शेतातून खुशालराव नावाचे शेतकरी हात हलवून मोठ्याने काहीतरी ओरडत होते. मीही हात हलवला. इकडच्या लोकांना संशोधनाचं फार कौतुक. त्यांना परिषदेचं आमंत्रण पाठवायचं ठरवलं.

गाळाचं वय काढायला नमुना बाहेर पाठवतात. महिनोन् महिने लागतात. गरज नाही. गाळ वर्षाला एक मिलिमीटर साचतो असं धरलं. दोन मीटर, दोन हजार वर्षं. तोंडी हिशेब.

१८ जानेवारी
कॉलेजचा हीटर बंद. परागकण सुटे व्हावेत म्हणून गाळ घरीच पोटॅशमध्ये उकळला, दुधाच्या पातेल्यात. पातेलं नंतर तीनदा घासलं. पौर्णिमाला कळणार नाही. बुडाला थोडं काळं आहे, ते आधीपासूनच असावं.

चहा कोरा प्यायलो.

२४ जानेवारी, दुपारी ३
सापडलं! गोल, काटेरी परागकण. वरपासून खालपर्यंत प्रत्येक थरात, ढिगाने. दोन हजार वर्षं या वनस्पतीने वऱ्हाडावर राज्य केलं आणि आज तिचा मागमूस नाही!

देवमनने मायक्रोस्कोपात डोकावून पाहिलं. म्हणाला, सर, हे तं गाजरगवत दिसून राहिलं. मी शांतपणे सांगितलं की गाजरगवत आपल्याकडे येऊन सत्तरेक वर्षं झाली, मग ते दोन हजार वर्षांच्या थरात कसं जाईल? तो म्हणाला, तेच तं मी म्हणून राहिलो. देवमनची तर्कशास्त्राची बाजू कच्ची आहे.

नामशेष वनस्पतीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा. मी पौर्णिमाचं नाव दिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिच्यासाठी एवढं मोठं काही केलं नव्हतं. फोन लावला. नावाचं सांगितलं नाही, फक्त २१ तारखेला ये म्हणालो. पाहते म्हणाली. पाहते म्हणजे हो.

ती आणखीही काही बोलत होती, पण तेवढ्यात स्लाइड सरकली.

७ फेब्रुवारी
भाषणाचा सराव फ्रिजसमोर केला. दुसरं कोणी नव्हतं. फ्रिज मध्येच घुरघुरतो, लय जाते.

पलंगाच्या तिच्या बाजूला स्लाइडच्या पेट्या ठेवल्या होत्या, त्या उचलल्या. गादीवर चौकोन उमटलेत. ऊन दिलं की जातील. चादर बदलली. दोन उशा ठेवल्या.

१४ फेब्रुवारी
भेंडी जळाली. विशेष काही नाही. कोणाशी बोललो नाही, तेवढा वेळ वाचला.

२१ फेब्रुवारी, अकोला बसस्टँड, संध्याकाळी ५
पौर्णिमा आली होती. पाचव्या रांगेत, सासूबाईंना घेऊन. हिरवी साडी. बारीक झाली आहे. पण चेहरा चांगला दिसत होता, हे मला खटकलं.

भाषण उत्तम. नावाची स्लाइड आली तेव्हा टाळ्याही पडल्या. मी पाचव्या रांगेकडे पाहिलं. पौर्णिमाने पदर तोंडाशी धरला होता. भरून आलं असावं.

मग प्रश्नोत्तरं. पाहुणे म्हणून पुढे बसवलेले खुशालराव उठले. म्हणाले, सर, त्या दिवशीच मी बोंबलून बोंबलून सांगून राहिलो होतो. तो ढीग तं परसालच्या उन्हाळ्यात जेसीबीनं तलावातून उपसलेल्या गाळाचा हाये. वावरात टाकाले काढला होता, थोड्या ट्रॉल्या न्यायच्या राहून गेल्या. आता त्याच्यावर गाजरगवत माजलं.

नंतर एक मॅडम उठल्या. नम्रपणे म्हणाल्या, फोटोतला कण गाजरगवताचाच आहे, आमची बीएस्सीची पोरंही ओळखतात.

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. सोबत आलेला देवमन हसला नाही, हे नोंदवून ठेवतो. पाचव्या रांगेत पाहिलं तर दोन खुर्च्या रिकाम्या. सासूबाईंना फार वेळ बसवत नसेल.

२२ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. चूक फक्त जागेची. आणि वयाची. आणि ओळखण्याची. पद्धत बरोबरच आहे. मे महिन्यात तलाव आटला की मधात उतरायचं. जुने बूट शोधायचे.

दुपारी पौर्णिमाचा मेसेज. आई विचारून राहिली, जावईबापूनं गाजरगवताले तुझं नाव काहून दिलं. मी उत्तर पाठवलं की नाव अधिकृतपणे मागे घेतलं आहे, काळजी नसावी. तिने वाचलं. पुढे काही नाही.

चार वाजेपर्यंत फोन हातात धरून बसलो होतो. लय वाईट वाटलं. लोक हसले त्याचं नाही. ती हसली असती तरी चाललं असतं. ती उठून गेली.

२३ फेब्रुवारी
कॉलेजात देवमनने विचारलं, सर, मॅडम काहून गेल्या होत्या माहेरी? मी म्हणालो, खुब्याचं हाड. तो म्हणाला, ते तं जुळलं ना कवाचंच. मग तुमी विचारलं का त्यायले? मी म्हणालो, त्यात विचारायचं काय. तो टेबल पुसत राहिला.

संध्याकाळी फोन लावला. परागकणाचा विषय काढला नाही. विचारलं, तू काहून गेली?

ती म्हणाली, हे विचाराले तुमाले नऊ महिने लागले. मग सांगू लागली. जूनपासून तिथल्या एका शाळेत शिकवते आहे. मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. त्याच्या आधीच्या दिवाळीत तिला आठ दिवस ताप होता, आणि मी थर्मामीटर चिखलाचं तापमान पाहायला नेलं होतं. मला वाटत होतं तेव्हा ती नुसतीच झोपून होती. बाकीचं इथे लिहीत नाही. एक तास दहा मिनिटं ती बोलली. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा झालं, तीच म्हणाली.

शेवटी विचारलं, मग येतेस का आता?

नाही म्हणाली. रागाने नव्हे. इथं मले बरं वाटून राहिलं, म्हणाली. तुमी जेवत जा वेळेवर. अन् वाटलं तं दर रविवारी फोन करा, मी उचलीन.

आज सोमवार आहे.