खालच्या गाद्या, वरचा डबा

ठाकुर्ली

सौमित्र,

उन्हाळा कसा चाललाय असं तू फोनवर विचारलंस आणि मी ‘ठीक’ म्हणाले. खरं म्हणजे आम्ही आता आपल्या घरात झोपतच नाही. वरचा स्लॅब रात्रभर तापलेला असतो, पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. म्हणून झोपायला तळमजल्यावर गुरुदत्तकाकांकडे जातो.

हो, त्याच काकांकडे. आजोबांच्या तेराव्याला वाटणीवरून बिनसलं, तेव्हापासून बाबा सख्ख्या भावाशी बोलत नव्हते. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी त्यांच्या घरात शिरलं, तेव्हा बाबांना न विचारता मी काका-काकूंना वर आणलं. या एप्रिलमध्ये बाबांना उन्हाने चक्कर आली, तर काकू वर आली आणि आमच्या गाद्या गुंडाळून घेऊन गेली.

पाण्याच्या भीतीने तिचा तांदळाचा डबा आता कायमचा आपल्याकडे असतो. तांदूळ घ्यायला ती रोज येते आणि चहा पिऊन जाते. जगाला तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादा काही पाळता येत नाही, असं पेपरात आलंय. बाबांनी ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग पंखा तीनवर ठेवायचा की पाचवर, यावरून दोघं झोप लागेपर्यंत भांडले.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस की तू लगेच एसी पाठवशील, आणि बाबा पुन्हा वरच झोपायला लागतील.

आई